सातवी फळी

"पाय उचलू नको, बाई. आहे तिथंच उभी राह्य," मामाजी टेबलाखालून म्हणाले.

एक चप्पल काढलेली, एक पायातच, अशी मी उंबऱ्यात थांबले. शनिवारी कॉलेजची लायब्ररी दीड वाजता बंद होते. मी थेट घरी आले होते. मामाजी म्हणजे माझे सासरे, उद्धवराव. ते गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात फरशी चाचपत होते. पलंगावर उशांच्या कुंपणात माझी स्वरदा बसली होती, सव्वा वर्षाची. मला पाहून तिनं दोन्ही हात वर केले आणि हसली.

हसताना तिच्या छातीतून एक आवाज आला. बारीक. बंद खिडकीच्या फटीतून वारा शिरावा तसा.

"काय शोधून राह्यले तुम्ही?"

"फळी. एक फळी दिसून नाही राह्यली."

"आन हिचा असा आवाज काऊन येऊन राह्यला?"

टॉर्चचा उजेड कपाटाखाली गेला, तिथून परत आला.

"मामाजी."

"ठसका लागला होता तिले. पाऊण वाजता. लय खोकली. लाल झाली. मी पाठीवर थापट्या मारल्या, मंग थांबलं." ते अजून माझ्याकडं बघत नव्हते. "थांबलं म्हून मले वाटलं, झालं."

मी पायातली चप्पल तशीच ठेवून पलंगाकडं धावले. लेकीला उचललं, तिच्या पाठीला कान लावला. डावीकडं श्वास ऐकू येत होता. उजवीकडं नुसती शिट्टी.

"किती मोठी आहे फळी?"

मामाजी उठले. उठताना टेबलाचा कोपरा त्यांच्या डोक्याला लागला, त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. अंगठा आणि तर्जनी त्यांनी एकमेकांजवळ आणली. मध्ये जेमतेम एक तांदूळ आडवा बसला असता, लांबीला दोन.

---

त्या टेबलाबद्दल सांगायला हवं.

मामाजी खामगावच्या एका शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. बाटल्या धुवायच्या, लेबलं लावायची, प्रॅक्टिकल झालं की परीक्षानळ्या मोजायच्या आणि मोजणी जुळल्याशिवाय वर्गाला सोडायचं नाही. पोरं त्यांना घाबरत नसत, पण मोजणीला घाबरत. शिक्षक त्यांना उद्धव म्हणत, मुलं उद्धवभाऊ.

निवृत्तीनंतर देवानंद नावाच्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पुण्याहून एक खोका पाठवला. आत गाडी होती, पण सुटी. प्लास्टिकचे शेकडो पांढरे तुकडे; कापून, जोडून, रंगवून त्यांची वीतभर लांबीची मोटार करायची. हा मोठ्या माणसांचा छंद असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. देवानंदच्या गाडीला मागं लाकडी हौदा होता, जुन्या मालगाड्यांना असतो तसा, आणि ते लाकूड काही केल्या त्याला जमत नव्हतं. म्हणाला, तुम्ही बघा.

मामाजींनी पाहिलं. दोन महिने पाहिलं. शेजारच्या जहांगीरभाईंचा ट्रकला लाकडी बॉडी बसवायचा धंदा. त्यांच्या वाड्याबाहेर जुने उतरवलेले फाळके, म्हणजे ट्रकच्या बाजूच्या फळ्या, उन्हात पडलेले असत. मामाजी तिथं स्टूल टाकून बसायचे. उन्हानं लाकूड आधी पिवळं पडतं, मग राखेच्या रंगाचं होतं. खिळ्याखाली काळा ओघळ येतो. सरकीचं तेल सांडलं की डाग वर्षानुवर्षं जात नाही. हे सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग पॉलिश पेपरनं प्लास्टिकवर उभ्या रेघा ओढल्या, त्यांवर बिस्किटाचा रंग, त्यावर तपकिरीच्या चार छटा, मग पाण्यासारखा पातळ काळपट रंग सोडला, तो रेघांत उतरला. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्यानं राखाडीचा एकच हात. प्लास्टिकला ऊन लागलं, पावसाळे लागले.

तेव्हापासून पुण्याच्या त्या मंडळातली माणसं कुरिअरनं आपल्या गाड्यांचं लाकूड मामाजींकडं पाठवायला लागली. फोनवर ती त्यांना "सर" म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मामाजींनी फोन कानापासून दूर धरून पाहिलं होतं.

माझ्या सासूबाई नाहीत. माझा नवरा, विहंग, पुण्यात एका कंपनीत. महिन्यातून दोनदा येतो. मी लायब्ररीत असते तेव्हा स्वरदा मामाजींजवळ. तिचा जन्म झाला त्या आठवड्यात त्यांनी घरातला सगळा थिनर आणि ऑइल पेंट जहांगीरभाईंना देऊन टाकला आणि पाण्यातले रंग आणले. टेबलाला कठडा केला. ती झोपली की कामाला बसायचं, ती उठायच्या आत सगळं मोजून डब्यात, डबा कपाटावर. एकदाही चुकलं नव्हतं.

"आज मोजलं नाही," मामाजी म्हणाले. "ती रडत उठली. मी तसाच उठलो. म्हटलं, आधी लेकरू. तवाच एक फळी खाली पडली असंन."

---

गावातल्या आमच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ लावून ठेवली. उजवीकडं. डावीकडं. परत उजवीकडं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. डॉक्टर लोकांचं तोंड काही सांगत नाही असं म्हणतात. मला सगळं कळत होतं.

"काय गेलंय ते आहे का सोबत? तसलं दुसरं?"

मामाजींनी खिशातून आगपेटी काढली. आत कापसावर अकरा फळ्या. डॉक्टरांनी एक चिमट्यानं उचलून दिव्याखाली धरली.

"लाकूड," ते म्हणाले. "हे वाईट. लाकूड, शेंगदाणा, चणा, ह्या गोष्टी आत ओल धरून फुगतात."

"प्लास्टिक आहे जी," मामाजी म्हणाले.

"काका, मला दिसतंय ना."

"दिसायले लाकूड आहे जी. आहे प्लास्टिक."

डॉक्टरांनी फळी तिरकी केली, नखानं खरवडली. राखाडी निघालं, खाली तपकिरी आलं. त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नाही हे मामाजींना दिसलं. त्यांनी हात पुढं केला, फळी परत घेतली आणि दोन बोटांत धरून मोडली. कट् असा आवाज झाला. आत पांढरंशुभ्र.

डॉक्टरांनी दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन पुन्हा दिव्याखाली धरले.

"फुगणार नाही मग. ते एक बरं," ते म्हणाले. "पण एक्स-रेतही दिसणार नाही."

आतापर्यंत मी एक्स-रेवर जीव टांगून होते. काढतील, दिसेल, सांगतील, संपेल. तरी त्यांनी काढला. फळी दिसली नाही. उजवी बाजू डावीपेक्षा जास्त काळी होती. हवा आत जातेय, बाहेर येत नाहीये, असं त्यांनी मला पेनानं दाखवलं. अकोल्याला न्या. आजच. दुर्बीण घालून काढावं लागेल, भूल द्यावी लागेल. दूध नाही, पाणीही नाही.

"शेवटचं काय खाल्लं हिनं? किती वाजता?"

मी तोंड उघडलं, पण मला ठाऊक नव्हतं.

"साडेबारा," मामाजी म्हणाले. "अर्धी वाटी वरणभात, मऊ केलेला. त्यावर दोन चमचे पाणी. त्याच्यानंतर काहीच नाही."

---

जहांगीरभाईंची जुनी ओम्नी होती. मी मागं, स्वरदा मांडीवर. मामाजी पुढं.

"बहू, तू फिकर नको करू," जहांगीरभाई गाडी काढता काढता म्हणाले. "माह्या फहीमनं लहानपणी खिळा गिळला होता, सव्वा इंची. तिसऱ्या दिवशी निघाला. तो आज कुवेतात क्रेन चालवते."

"हे पोटात नाही ना गेलं, चाचा. फुफ्फुसात गेलं."

मग जहांगीरभाई हॉर्न तेवढा वाजवत राहिले, रस्ता मोकळा असला तरी.

बाळापूर येईपर्यंत ती झोपली होती. मी तिच्या छातीवर हात ठेवून मोजत होते. एक, दोन, तीन. एखादा श्वास उशिरा यायचा. तेवढ्या वेळात मला सगळं दिसायचं; काय ते लिहिणार नाही. मग तो श्वास यायचा, शिट्टीसकट.

बाळापूरच्या पुलावर गाडी उसळली आणि ती उठली. उठली की तिला दूध लागतं. तिनं माझा पदर ओढला. मी हात बाजूला केला. तिनं परत ओढला आणि माझ्याकडं बघितलं, म्हणजे आई, विसरलीस का. मी तिला खिडकी दाखवली, म्हैस दाखवली. ती रडायला लागली, आणि रडताना खोकायला. खोकला आला की ओठांभोवती निळसर कड यायची. माझा ब्लाउज भिजून गेला होता, साडीपर्यंत ओल आली होती, आणि माझ्या लेकीला मी एक थेंब देऊ शकत नव्हते. तिला वाटत असणार, आई कंजूष झाली.

फोन वाजला. विहंग. निघताना मी त्याला मेसेज टाकला होता.

"मी निघालोय. रात्री पोचतो. काय झालं नक्की? कसं गेलं तिच्या तोंडात?"

मी सांगितलं.

"पप्पांना म्हणावं, आता तरी बंद करा ती भातुकली! सत्तरीला आले. लेकराकडे बघायचं सोडून…"

फोन स्पीकरवर नव्हता. पण विहंगचा आवाज मोठा आणि गाडी लहान. मामाजींची मान हलली नाही. मागून मला त्यांचा कान तेवढा दिसत होता, आणि डोक्यावर टेबलाचा कोपरा लागला होता तिथं सुकलेलं रक्त.

"उद्धव," जहांगीरभाई हळूच म्हणाले, "पाणी पे."

"ती पेत नाही ना बे," मामाजी म्हणाले. "मी कायले पेऊ."

---

अकोल्याच्या डॉक्टर बुटक्या, चटपटीत होत्या. शैलजा त्यांचं नाव, बोलणं पुण्याकडचं. त्यांनी स्वरदाला तपासलं, फिल्म पाहिली, मग म्हणाल्या, "अगदी तसाच दुसरा तुकडा लागेल मला. चिमटे चार प्रकारचे असतात. कुठला नीट धरतो ते आधी बाहेर करून बघते. आत गेल्यावर प्रयोग करायला वेळ नसतो."

मामाजींनी आगपेटी पुढं केली. "दहा आहेत."

"वा. रंग कुठला हा?"

"पाण्यातला, ॲक्रिलिक. बाटलीवर बिनविषारी लिहिलं आहे. सात थर." त्यांनी थर सांगितले, खालून वर, एकेक, कंपनी, बाटली कधी उघडली तेही. डॉक्टर लिहून घेत होत्या. मामाजी ताठ उभे होते, तपासणीला साहेब आल्यावर शाळेत उभे राहत असतील तसे.

"ठीक. आणि हरवलेला तुकडा असाच? हुबेहूब?"

मामाजी आगपेटीतल्या फळ्यांकडं बघत राहिले.

"काका?"

"नाही," मामाजी म्हणाले. "ती सातवी फळी होती. तिचं एक टोक मोडकं आहे."

"मोडकं म्हणजे?"

"मी केलं तसं. कापसाच्या गाठी चढवताना लोखंडी आकडा लागते ना जी, तिथं लाकूड उचकटते. लाकडाचे रेशे वर येतेत. तसं केलं ब्लेडनं. टोकदार आहे."

मांडीवर स्वरदा शिट्टी वाजवत होती.

"तुम्हाले माहीत होतं?" मी विचारलं. "दुपारपासून माहीत होतं, टोकदार आहे म्हून?"

"हाव."

"आन तुम्ही गाडीत बसून आले. तिकडं डॉक्टरले नाही सांगितलं. मले नाही सांगितलं."

"तुह्या तोंडाकडं पाह्यलं आन माही जीभ उचलली नाही, बाई."

"साधी फळी काऊन नाही केली?" माझा आवाज चढला होता, मला थांबवता येत नव्हता. "कोण पाहते ते टोक? कोण्या गाडीले आकडा लागला आन कोण्या गाडीले नाही, कोणाले पडली आहे? तुमच्या हाती लेकरू दिलं ही माहीच चूक झाली. माहीच."

दारातली नर्स पुढं आली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मामाजींनी मान खाली घातली नाही. माझं सगळं होईपर्यंत ते माझ्याकडंच बघत राहिले, आणि मग डॉक्टरांकडं वळले.

"मॅडम, एक पातं भेटंन काय? लहान. आन दहा मिनिटं."

"कशाला?"

"तसंच टोक करून देतो. तुम्हाले सराव करायले."

डॉक्टर शैलजांनी त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं, मग नर्सला खूण केली. ऑपरेशनचं पातं आलं. मामाजींनी शर्टाच्या खिशातून जाड भिंगाचा चष्मा काढला, हात धुवून घेतले, काउंटरवर कागद अंथरला आणि एक फळी त्यावर ठेवली.

मी बघायचं नाही ठरवलं होतं. पण दुसरं बघण्यासारखं काय होतं? त्यांचे ओठ थरथरत होते, गळ्यातली शीर उडत होती. हात मात्र कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. पात्याचं टोक फळीच्या कडेला लावून त्यांनी एक सूतभर चीर दिली. मग दुसरी, थोडी तिरकी. पात्यानंच एक रेशा वर उचलला, केसाएवढा. थांबले. डोळे मिटले, आठवत असावेत. मग अजून एक रेशा, पहिल्याहून आखूड.

"एवढंच," ते म्हणाले. "उजवीकडचा लांब, डावीकडचा अर्धा. याच्याहून जास्त नव्हतं."

डॉक्टरांनी एका रबरी नळीत ती फळी सरकवली आणि चिमटे घालून पाहायला लागल्या. पहिला घसरला. दुसऱ्यानं टोक धरलं आणि रेशा वाकला.

"टोकाकडून नका धरू जी," मामाजी म्हणाले. "तुटंन ते. मधोमध धरा. तिथं माह्या रेघा खोल आहेत. चिमटा सरकणार नाही."

तिसरा चिमटा मधोमध बसला. डॉक्टरांनी फळी फिरवून टोक मागं घेतलं आणि नळीतून अलगद बाहेर काढली. पुन्हा आत घातली, पुन्हा काढली. चारदा.

---

सहाला तिला आत नेलं. नर्सच्या खांद्यावरून ती माझ्याकडं हात करत होती. दार लागलं, तरी मी तो हात बघत होते.

त्याआधी मी सही केली होती. कागदावर काय काय होऊ शकतं ते छापलेलं होतं. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या, मग सही कुठं करायची तेवढं शोधलं. नात्याच्या रकान्यात "आई" लिहिलं. अक्षर माझं नव्हतं.

जहांगीरभाई मगरिबची, म्हणजे संध्याकाळची नमाज पढून चहाचे तीन कप घेऊन आले. कुणी घेतला नाही. तिन्ही बाकावर निवत राहिले. मामाजी बसले नाहीत. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र लावलेलं होतं. त्याच्यापुढं उभं राहून ते बघत होते, जणू त्यांना त्याची परीक्षा द्यायची होती.

मी बोलायचं ठरवून दोनदा त्यांच्याकडं पाहिलं. पण काय बोलणार? जे बोलले होते ते मी तेव्हा मनापासून बोलले होते.

आतून एकदा यंत्राचा आवाज आला, सारखा, लांब. मी उभी राहिले. जहांगीरभाई उभे राहिले. मामाजींनी भिंतीला हात टेकला. आवाज थांबला. मग पुन्हा टुकटुक सुरू झालं. किती वेळ गेला होता ते मला विचारू नका. घड्याळात चाळीस मिनिटं झाली होती.

डॉक्टर शैलजा टोपी काढतच बाहेर आल्या.

"निघाला. अख्खा निघाला," त्या म्हणाल्या. "आत थोडं खरचटलंय, सूज आहे. रात्रभर लक्ष ठेवू. पण श्वास दोन्हीकडं छान."

मी बाकावर बसले.

त्यांच्या हातात झाकण लावलेली छोटी डबी होती. ती त्यांनी मामाजींपुढं धरली. "काका, तुमचा नमुना अगदी तंतोतंत होता. मला आत नवीन काहीच दिसलं नाही. सगळं आधी पाहिलेलं होतं. खरं सांगू, आत दुर्बिणीत पाहिलं तेव्हा मलाही वाटलं, लाकूडच."

एरवी असं कुणी म्हणालं की मामाजी चार दिवस ती गोष्ट सांगत फिरायचे. त्यांनी डबीकडं पाहिलं नाही.

"आता दूध पेईल काय जी ते?" त्यांनी विचारलं.

---

विहंग मध्यरात्री आला आणि खुर्चीतच झोपला. सकाळी तो औषधं आणायला खाली गेला. जहांगीरभाई रात्रीच परत गेले होते. वॉर्डात आम्ही दोघी, आणि बाहेर बाकावर मामाजी.

स्वरदा पोटभर दूध पिऊन माझ्या मांडीवर होती. मी तिच्या पाठीला कान लावून ऐकलं. मग परत ऐकलं. शिट्टी नव्हती. दर पाच मिनिटांनी मी कान लावत होते. नर्स हसली मला.

मामाजी दारापर्यंत आले आणि तिथंच थांबले.

"झोपली होती का रात्री?"

"हो. झोपली."

"खोकला?"

"दोनदा. डॉक्टर म्हणे, राह्यल तसा दोन-चार दिवस."

त्यांनी मान हलवली. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले. "देवानंदले फोन केला मी आत्ता. म्हटलं, राह्यलेलं परत पाठवतो. आता नाही करत." थोडं थांबून म्हणाले, "टेबल जहांगीर घेऊन जाईल. तू येईस्तोर जागा मोकळी होईल."

नका करू असं, म्हणणं सोपं होतं. माझ्या तोंडातून ते निघालं नाही. ते टेबल मला घरात नको होतं, हे खरंच होतं. मी स्वरदाचं झबलं सारखं केलं. ते उभेच होते.

"पेढे आणू काय नर्सबाईले?"

"विहंग आणेल."

"बरं."

ते वळले. बाहेर बाकावर जाऊन बसतील आणि विहंग आला की त्याला औषधांची नावं वाचून दाखवतील, आणि घरी गेल्यावर सकाळी लायब्ररीला निघताना मी स्वरदाला कुणाजवळ ठेवायचं याबद्दल बोलू लागले की ते उठून अंगणात जातील. हे सगळं मला तिथं बसल्या बसल्या दिसलं. माझी भीती अजून गेली नव्हती. ती कधी जाईल असं मला वाटतही नाही. तरीपण.

"मामाजी."

"काय, बाई?"

"हिले धरा जरा. मले बाथरूमले जायचं आहे. कालपासून गेली नाही मी."

ते आले नाहीत. "नर्सले बोलावतो ना."

"नर्सले कामं आहेत. धरा."

ते पलंगाच्या कडेला बसले, आधी एकदा बसून पाहिलं, मग नीट मागं सरकले. मी लेकीला त्यांच्या मांडीवर दिलं. तिचं डोकं त्यांच्या कोपरात ठेवलं. त्यांनी श्वास घेतला आणि तो आतच ठेवला.

बाथरूममध्ये मी नळ सोडला आणि रडले. काल दिवसभर आलं नव्हतं ते सगळं आलं. तोंड धुतलं, पदरानं पुसलं. जेवढा वेळ लागायचा होता त्याहून थोडा जास्त मुद्दाम थांबले. तिथं उभं राहून कान दाराकडं होते, खोकला येतो का, रडते का. काही आलं नाही.

परत आले तेव्हा दाराच्या काचेतून पाहिलं. स्वरदा झोपली होती. तोंड उघडं, एक हात मामाजींच्या शर्टाच्या गुंडीला. मामाजी मी ठेवले होते तसेच्या तसे बसलेले. पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते, तरी त्यांनी ते हलवले नव्हते. त्यांच्या कपाळावर माशी बसली होती. ती भुवईवर आली, नाकाच्या बाजूनं खाली उतरली, ओठाच्या कडेवर थांबली. मामाजींनी फुंकरसुद्धा मारली नाही.

मी दार लोटलं नाही. बाहेरच उभी राहिले.